सगळ्यांनी चौदाने का भागलं

पेपर तपासायला बसलं की मला बरोबर उत्तरांचा कंटाळा येतो. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच, त्यात वाचायचं काय? चुकीचं उत्तर मात्र ज्याचं त्याचं असतं. त्यात पोर दिसतं, त्याचं घर दिसतं, कधी कधी सकाळी काही खाऊन आलंय की नाही तेही दिसतं. म्हणून गणिताच्या पेपरात शाब्दिक उदाहरणांचं पान आलं की मी चहा मागवते आणि नीट बसते.

कणकवलीहून आठ वाजता सुटलेली एस.टी. दीड तासाने मालवणला पोचते, तर किती वाजता पोचेल, या प्रश्नाला एकाने लिहिलं होतं, 'साडेनऊ, पण वेळेवर सुटली तर.' मी पूर्ण गुण दिले आणि वर शाबासकीही लिहिली. आजीचं वय पासष्ट, नातवाचं नऊ, फरक किती, याखाली एका मुलीने छप्पन्न हे उत्तर अगदी व्यवस्थित काढलं होतं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माझी आजी गणपतीत गेली.' तिथे मी शाबासकी लिहिली नाही. नुसतीच बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

मी मसुऱ्याकडची. आमचं घर शेतीचं, भात आणि काजूवालं. शिक्षिका म्हणून बरीच वर्षं झाली, निवृत्ती आता दूर नाही, आणि स्वभाव माझा तापट. हे मी सांगायची गरज नाही, आमच्या केंद्रात कोणालाही विचारा. केंद्र म्हणजे जवळपासच्या दहा-बारा प्राथमिक शाळांचा गट. त्या सगळ्यांवर एक केंद्रप्रमुख असतात. आमचे केंद्रप्रमुख घाटावरचे, माणूस सरळ, कामाला वाघ, फक्त तोंड विचाराच्या आधी धावायचं. इकडे बदलून आल्यापासून त्यांना दोन गोष्टींचं वेड लागलं होतं. एक मासळी आणि दुसरी स्थानिक संदर्भ. पुस्तकातली सफरचंदं आमच्या पोरांनी कधी झाडावर पाहिली नाहीत, मग गणितात सफरचंदं कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधीच्या परीक्षेत चौथीच्या गणिताचा पेपर त्यांनी स्वतः बसून काढला आणि सफरचंदं हाकलून तिथे बांगडे आणले.

प्रश्न असा होता : 'रापणीत ८४ बांगडे मिळाले. रापण ओढणाऱ्या १२ जणांनी ते समान वाटून घेतले, तर प्रत्येकाला किती बांगडे मिळाले?'

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडत नेतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं ते वाळूवर ओढून घेतात. पर्यटक आता त्याचे व्हिडिओ काढतात. मी मात्र तोवर रापण लांबूनच पाहिलेली. आमच्या घरी मासळी यायची ती दारावर, कोळणीच्या पाटीतून. चौऱ्याऐंशी भागिले बारा, उत्तर सात. उत्तरसूचीत सात लिहिलेलं होतं आणि मला त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

पेपर तपासायला आम्ही सगळे केंद्रशाळेत जमायचो. आपल्या शाळेचे पेपर आपण तपासायचे नाहीत, अदलाबदल करायची, अशी पद्धत. माझ्या वाट्याला किनाऱ्यावरच्या एका छोट्या शाळेचा चौथीचा गठ्ठा आला. मला घाई होती. घरी भात कापायला माणसं यायची होती आणि यांना एकट्याला सोडलं की चहात साखर घालायचंही राहतं. मी भराभर तपासत गेले आणि त्या रापणीच्या उदाहरणाशी अडखळले.

पहिल्या पेपरात ८४ ÷ १४ = ६. चूक. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही चौदाने भागलेलं, उत्तर सहा. मी प्रश्नपत्रिका उचलून पाहिली, छपाई तर फिसकटलेली नाही? बारा चक्क बारा होते. पुढचे पेपर उलटत गेले. वर्गातल्या एका मुलीने सात लिहिलं होतं. बाकी सगळ्यांनी चौदाने भागून सहा.

तेवढ्यात केंद्रप्रमुख माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांना तपासणाऱ्यांच्या खांद्यावरून डोकावायची सवय. त्यांनी माझ्या हातातला गठ्ठा घेतला, पानं उलटली आणि भर खोलीत मोठ्याने म्हणाले, "बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं असू शकतं. चूक सगळ्यांची सारखी कशी होईल? फळ्यावर कोणीतरी उत्तर लिहिलंय, आणि तेही चुकीचं!"

त्या शाळेत शिक्षक दोनच. मुख्याध्यापक आजारपणाच्या रजेवर, म्हणजे परीक्षेच्या दिवशी वर्गात होती ती एकच, नवी शिक्षणसेविका. पोरगी लातूरकडची. मानधनावर लागलेली, कायम व्हायची होती. अशा वेळी मुलांना उत्तरं सांगितल्याचा शेरा कागदावर आला, तर कायम होणं लांबच, होती ती नोकरीही गेली असती. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळत होतं.

मी म्हटलं, "सर, बाकीची उदाहरणं बघा. तिथे प्रत्येकाची चूक वेगळी आहे. उत्तरं सांगायचीच होती तर एकच कशाला सांगेल? आणि तेही चुकीचं? ती डी.एड. झालेली आहे, तिला चौऱ्याऐंशी भागिले बारा येत नाही?"

"घाबरली असेल, गोंधळली असेल. बारा आकडा चौदा वाचला असेल."

"आणि या मुलीने सात लिहिलंय, तिचं काय?"

"ही तेव्हा पाणी प्यायला गेली असेल," सर म्हणाले. दोघे-तिघे हसले. माझं डोकं फिरलं. पण पोरांनी चौदा आणला कुठून, ते मला काही केल्या कळेना.

सर तिथवर थांबले असते तरी बरं होतं. त्यांनी तिला लगेच फोन लावला आणि लेखी खुलासा तयार ठेवायला सांगितलं. संध्याकाळी आमच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा संदेश आला. काही ठिकाणी विद्यार्थ्यांना उत्तरे सांगितली जात आहेत, ही बाब गंभीर आहे, उद्या प्रत्यक्ष भेट देऊन अहवाल वर पाठवला जाईल. शाळेचं नाव नव्हतं. नाव कशाला लागतं? दुपारी खोलीत होतो त्या सगळ्यांना माहीत होतं आणि नव्हतो त्यांना अर्ध्या तासात कळलं.

मी सरांना फोन केला. "उद्या मी पण येते. पेपर मी तपासलेत."

"तुमची भातकापणी आहे ना मॅडम?"

"भात कुठे पळून जात नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. घरात यांनी विळे आपले आपणच काढून ठेवले. माझा आवाज त्यांना ओळखू येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटीवर आणि सर त्यांच्या मोटरसायकलवर, असे आम्ही त्या शाळेत पोचलो. शाळा वाळूला लागूनच. मागे माडांची रांग, कुंपणावर कोणाची तरी जाळी वाळत घातलेली. बाई दारातच उभी होती. डोळे सुजलेले, साडी मात्र कडक इस्त्रीची. मला ती इस्त्री पाहून भरून आलं. घाबरलेल्या माणसाने स्वतःला सावरायला शेवटी काय काय करावं!

"सर, मी काहीच सांगितलं नव्हतं ओ," ती म्हणाली. "काल घरी जाऊन मी पण ते उदाहरण सोडवलं. माझं उत्तर सातच येतंय. पोरांनी चौदा कुठून घेतले, मला खरंच कळंना."

"पोरांनाच विचारू," मी सरांच्या आधी म्हटलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. एवढं मात्र खरं, विचारायला ते कधी नाही म्हणत नसत. विचारायच्या आधी बोलून मोकळे व्हायचे, एवढंच.

चौथीची मुलं सतरंजीवर बसली होती. सरांनी प्रश्न फळ्यावर लिहिला, शब्द न् शब्द पेपरातलाच. मग बाईला दाराशी उभं राहायला सांगून त्यांनी विचारलं, "कोण सोडवून दाखवणार?"

दोन वेण्यांची एक मुलगी उठली, खडू घेतला आणि सरळ लिहिलं, ८४ ÷ १४. सर म्हणाले, "थांब. चौदा कुठून आणलेस? वर बारा लिहिलंय ना?"

तिने सरांकडे पाहिलं. काय हे विचारतात, असा तिचा चेहरा. "बारा जणांचे बारा वाटे. एक जाळ्याचो, एक होडयेचो. चवदा झाले मा, सर."

सर म्हणाले, "जाळं काय मासे खातं?"

वर्ग खो खो हसला. ती हसली नाही. "जाळा खायना, पण फाटता. फाटला काय सूत हाडूक लागता. ता कोण हाडतलो?" सूत आणायचं कोणी, असा तिचा सवाल. मागच्या एका मुलाने जोड दिली, "आणि होडयेक रंग?" मग सगळेच बोलू लागले. होडीवाला ओढायला असला तरी त्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, तो कसा बाजूला काढतात, कोण काढतं. त्यांच्या घराघरात ते रोज चालतं. रापण आली की वाळूवर मासळीचे ढीग घालतात, ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक आणि त्यासोबत जाळ्याचा एक, होडीचा एक. बारा जणांचे बारा वाटे घालणारा माणूस त्या गावात वेडा ठरला असता.

"पण प्रश्नात तसं कुठे लिहिलंय?" सर हटेनात. आता त्यांचा आवाज मात्र उतरला होता. "समान वाटून घेतले असं म्हटलंय."

"समानच वाटले, सर. जाळ्याक जास्ती नाय, होडयेक कमी नाय."

मी तोंडाला पदर लावला. हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. मग मी विचारलं, "सात कोणी लिहिलं होतं?" कोपऱ्यातली एक मुलगी भीतभीत उभी राहिली. "माजे पप्पा यष्टीत आसत," ती म्हणाली. "आमच्याकडे मासळी इकत येता." म्हणजे ती काही पाणी प्यायला गेली नव्हती. ती माझ्यासारखी होती, पाटीतल्या मासळीची.

सरांनी खडूची बोटं झटकली आणि बाईला म्हणाले, "घ्या, तुमचा वर्ग."

मला वाटलं होतं, ती आता रडेल. ती रडली नाही. फळ्याशी गेली आणि आधी त्या वेण्यांच्या मुलीलाच विचारू लागली. वाटा कोण मोजतं, लहान-मोठे बांगडे कसे सारखे करतात, उरले तर कोणाला देतात. खरोखर माहीत करून घ्यायला विचारत होती. पोरं तिला शिकवत होती आणि ती मान डोलवत होती. मग तिने फळ्याच्या एका बाजूला लिहिलं : रापणीत नव्वद पेडवे आले, ओढणारे तेरा, आपल्या गावाच्या रीतीने वाटे घाला. दुसऱ्या बाजूला लिहिलं : पोषण आहारात साठ केळी आली, वर्गात बारा मुलं, प्रत्येकाला समान द्या.

पोरांनी पाट्या घेतल्या. पेडव्यांना पंधराने भागलं, उत्तर सहा. केळ्यांपाशी एकाचा हात वर आला. "बाई, खिचडी करतत त्या मावशेचो वाटो नको?"

"द्यावासा वाटतो ना?" ती म्हणाली. "मलाही वाटतो. पण प्रश्न काय विचारतोय ते आधी बघायचं. पेपर तपासणारा माणूस आपल्या गावात राहत नाही. त्याला जाळ्याचा वाटा माहीत नसतो. म्हणून प्रश्नात दिलंय तेवढंच घेऊन करायचं. आणि आपल्याकडे वेगळं असतं असं वाटलं, तर बाजूला एक ओळ लिहायची, आमच्याकडे जाळ्याचा वाटा असतो म्हणून. म्हणजे वाचणाऱ्याला कळेल."

एवढी वर्षं शिकवतेय मी, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. पोराने आपल्या उत्तरामागचा विचार लिहायचा. किती साधी गोष्ट! आम्ही त्यांना उत्तराखाली दोन रेघा मारायला शिकवतो, आणि विचार लिहायला जागाच ठेवत नाही. मला त्या मुलीचा इतका अभिमान वाटला, जणू माझीच लेक फळ्याशी उभी होती.

सर व्हरांड्यात गेले होते. आम्ही दोघी बाहेर आलो तेव्हा ते मोटरसायकलची किल्ली काढत होते. "चला, मिटलं," ते म्हणाले. "अहवाल काही पाठवत नाही. तुम्ही आता निर्धास्त राहा."

"काय मिटलं, सर?" तिने विचारलं.

सर किल्ली हातात घेऊन वळले.

"काल तुम्ही सगळ्या केंद्रासमोर बोललात. ग्रुपवर लिहिलंत. आज सकाळी रस्त्यात एका पालकांनी मला विचारलं, बाई तुम्ही उत्तरं सांगता का? मी काल आईला फोन करून सांगितलं की नोकरी जाईल बहुतेक. ती अजून रडत असेल तिकडे." ती थांबली नाही. "आज तुम्ही पोरांना विचारलंत, तुझे चौदा कुठून आले. मला कोणी विचारलं नाही. मला सरळ खुलासा द्या म्हणालात. आता मिटलं हे मला एकटीला व्हरांड्यात नका सांगू."

असं वरिष्ठांना बोलायची हिंमत मला तिच्या वयात झाली नसती. खरं तर त्या दिवशीही झाली नव्हती, मी नुसती चिडत होते. सर लाल झाले. मला वाटलं, आता हे मोटरसायकलला किक मारणार. त्यांनी किल्ली खिशात टाकली. मोबाइल काढून बराच वेळ काहीतरी टाइप केलं. माझा फोन पदराआड वाजला. ग्रुपवर त्यांचा संदेश होता. कालचा संदेश चुकीच्या समजातून लिहिला गेला, संबंधित शिक्षिकेने कोणतीही उत्तरे सांगितलेली नाहीत, चूक प्रश्न काढणाऱ्याची म्हणजे माझी. शाळेचं नाव या वेळी त्यांनी लिहिलं होतं.

मग ते चपला काढून परत वर्गात गेले. आम्ही मागोमाग.

"मुलांनो," ते म्हणाले, "काल मी म्हटलं होतं की तुमच्या बाईंनी तुम्हाला उत्तर सांगितलं. ते खरं नव्हतं. मी न विचारता बोललो. बाईंचं काही चुकलं नव्हतं."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. ती वेण्यांवाली मुलगी आश्चर्याने उठूनच उभी राहिली. "आमच्या बाईंनी? बाईंका रापण म्हायतच नाय, सर! त्या आमका काय सांगतल्या?"

सगळा वर्ग हसला, सरही हसले, आणि दारातून आलेली बाई पहिल्यांदाच मनापासून हसली. डोळे पुसत ती फळ्यापाशी गेली. सर वळून निघायला लागले तशी ती म्हणाली, "बसा ना सर. माझा तास अजून संपला नाही."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची एकच होती आणि ती तिची होती. केंद्रप्रमुख गुपचूप पोरांच्या रांगेत सतरंजीवर मांडी घालून बसले. एका मुलाने त्यांना जागा दिली. मी पण शेजारी टेकले. बाईने खडू उचलला आणि पुढचं उदाहरण लिहायला घेतलं.